मोदकचं पोट भरतं, भूक भागत नाही

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मांजराचं एक पिल्लू सापडलं. आई येते का याची वाट पाहिली, ती काही आली नाही, म्हणून घरी आणलं. शेजारच्या काकूंच्या अंदाजाने दोन-अडीच महिन्यांचा बोका आहे. पोट गोल गरगरीत, म्हणून मुलीने त्याचं नाव मोदक ठेवलं. आमचं घर शाकाहारी. त्याला सकाळ-संध्याकाळ दूध-पोळी आणि दुपारी दहीभात देतो. काकू कधीमधी उकडलेल्या चिकनचे तुकडे आणतात, मुलगी बिस्किटं भरवते. तरी हा सतत ओरडतो. वाटी चाटूनपुसून झाली की लगेच पुन्हा पायात घोटाळतो. कणकेचा गोळा पळवतो, कचऱ्याच्या डब्यात तोंड घालतो, परवा मटारची सालं चघळत होता. एवढं खाऊन अंगाला काही लागत नाही, पाठीचा कणा हाताला टोचतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन ७०० ग्रॅम भरलं. शी पातळ होते. सासूबाई म्हणतात, ‘आमच्या वाड्यात मांजरं दूध-पोळीवरच वाढली, याला तू लाडावून ठेवलंयस, जास्त देऊ नकोस.’ मी दिवसभर शाळेत शिकवायला जाते, दुपारचं त्याच बघतात. याला नेमकं काय आणि किती द्यायचं? शाकाहारी खाण्यावर तो वाढेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर :

ताई, मोदक हावरट झालेला नाही, तो खरोखर उपाशी आहे. तुम्ही त्याला कमी खायला घालताय असंही नाही. तुम्ही देताय ते त्याच्या पोटात जातं, पण त्यातलं फारच थोडं त्याच्या उपयोगाचं आहे, आणि जे उपयोगाचं आहे त्यातही बहुतेक जंत वाटेकरी आहेत. तेव्हा खाणं कमी करायचा विचार आधी डोक्यातून काढून टाका. या वयात पिल्लाचं खाणं तोडणं हा सगळ्यात वाईट उपाय.

आधी सासूबाईंच्या मुद्द्याला उत्तर देते, कारण दुपारची वाटी त्यांच्या हातात आहे. त्यांच्या वाड्यातली मांजरं दूध-पोळीवर वाढली हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय, ते खोटं नाही. पण त्यांनी दिवसाची वाटी पाहिली, रात्रीचा माळा पाहिला नाही. त्या वाड्यात धान्याची कणगी होती, बळद होतं, मागे गोठा होता, आणि म्हणून उंदीर होते. मांजर माळ्यावर उंदीर मारायचं, अंगणात चिमणी धरायचं, भिंतीवरची पाल सोडायचं नाही, आणि सकाळी येऊन वर वाटीभर दूध-पोळी खायचं. पोट उंदरांवर चालायचं, श्रेय दूध-पोळीला मिळायचं. एका उंदरात साधारण तीस कॅलरी असतात, म्हणजे मोठ्या मांजराला दिवसाला आठ-दहा उंदीर लागतात. आणि उंदीर मांजर अख्खा खातं. त्यातल्या हाडांतून कॅल्शियम मिळतं, यकृतातून अ जीवनसत्त्व, हृदय आणि मेंदूतून टॉरीन नावाचं अमिनो आम्ल. म्हणजे उंदीर हाच त्याचा पूर्ण आहार. तुमच्या फ्लॅटमध्ये माळा नाही आणि उंदीर नाहीत (नसावेत). वाड्यातल्या जेवणातला मुख्य पदार्थ गेला आणि तोंडीलावणं तेवढं उरलं, अशी मोदकची अवस्था आहे. हे सासूबाईंना असंच सांगून बघा, त्यांना वाड्यातले उंदीर नक्की आठवतील.

आता दूध. आईचं दूध पचवायला पिल्लाच्या आतड्यात लॅक्टेज नावाचं विकर असतं. आईचं दूध सुटायला लागलं की हे विकर झपाट्याने कमी होतं. गाईच्या दुधात जवळपास पाच टक्के दुग्धशर्करा असते, म्हशीच्याही तेवढीच. ती न पचता पुढे मोठ्या आतड्यात जाते, तिथे आंबते, पाणी ओढून घेते आणि शी पातळ होते. काही मांजरांना थोडं दूध सोसतं, मोदकला सोसत नसावं असं त्याच्या शीवरून दिसतंय. पातळ शीमुळे बाकीचंही नीट न पचता बाहेर पडतं. म्हणून दूध आजपासून बंद, हळूहळू वगैरे काही नाही. पिण्याला साधं पाणी, रुंद तोंडाच्या वाटीत, खाण्याच्या वाटीपासून जरा लांब. सासूबाईंना काही द्यायची हौसच असेल तर शी घट्ट झाल्यावर कधीतरी चमचाभर ताजं दही चालेल, त्यात दुग्धशर्करा कमी असते. पण ते कौतुकापुरतं, जेवण म्हणून नव्हे.

पोळी आणि भाताने अपाय होत नाही, पण त्यावर हे पिल्लू वाढणार नाही. वाढत्या पिल्लाच्या खाण्यात पाण्याचा अंश वगळून किमान तीस टक्के प्रथिनं हवीत असं अमेरिकेतलं मानक सांगतं. गव्हात ती साधारण बारा टक्के. आणि आपण किंवा कुत्रा प्रथिनं कमी मिळाली तर काटकसर करतो, आपलं यकृत ती जाळायचं प्रमाण कमी करतं. मांजराच्या यकृताला ही काटकसर फारशी जमत नाही. प्रथिनं येवोत न येवोत, ते जाळत राहतं, बाहेरून मिळाली नाहीत तर अंगातल्या स्नायूंची. पोट पोळीने टम्म आणि पाठीचा कणा हाताला टोचतोय, याचं मोठं कारण हेच. कणकेचा गोळा आणि मटारची सालं ही चटक नव्हे, जे मिळेल त्यात काही सापडतंय का ही त्याची शोधाशोध आहे.

बिस्किटांचंही सांगून टाकते. तुमच्या मुलीला वाटत असणार, मोदकला गोड आवडतं. मांजराला गोड चव कळतच नाही. गोड चव ओळखणाऱ्या प्रथिनाचं त्याचं एक जनुक बिघडलेलं आहे, हे २००५ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. वाघ आणि चित्त्यातही ते तसंच बिघडलेलं आढळलं. तो बिस्किट खातो ते त्यातल्या तुपा-तेलासाठी आणि भुकेपोटी. मुलीला भरवायची आवड आहे ती मोडू नका, कोरड्या खाण्याचे चार दाणे तिच्या हातावर द्या.

शाकाहारावर वाढेल का, हा तुमचा खरा अवघड प्रश्न. सरळ उत्तर : नाही. यात मांजराच्या आवडीनिवडीचा संबंध नाही, त्याच्या शरीराची रचनाच तशी आहे. गाजरातल्या बीटा कॅरोटीनपासून आपण अ जीवनसत्त्व बनवतो, मांजर बनवू शकत नाही, त्याला ते तयार लागतं, म्हणजे प्राण्यांच्या अंगातलं. अॅराकिडोनिक आम्ल नावाच्या स्निग्धाम्लाचंही तेच. आणि टॉरीन. हे अमिनो आम्ल वनस्पतींत जवळजवळ नसतं, दुधात अगदी थोडं असतं, आणि मांजराचं शरीर स्वतः पुरेसं बनवत नाही. टॉरीन कमी पडलं की डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदय ढिलं पडून फुगतं. १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकीय विभागात पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे हृदयाचं प्रकरण उघडकीला आणलं. विशेष म्हणजे ती मांजरं उपाशी नव्हती, चांगल्या विकतच्या खाण्यावर होती, पण त्यातलं टॉरीन कमी पडत होतं. टॉरीन दिल्यावर कित्येकांची हृदयं सुधारली. त्यानंतर कंपन्यांनी खाण्यातलं टॉरीन वाढवलं, आणि आज पाकिटावर ते लिहिलेलं असतं. डोळ्याचं नुकसान मात्र भरून येत नाही. आणि हे सगळं महिनोन्‌महिने कळत नाही. मांजर वरून ठणठणीत दिसत असतं.

परदेशात शाकाहारी कॅटफूड मिळतं, त्यात टॉरीन वगैरे कृत्रिमरीत्या घातलेलं असतं. अडीच महिन्यांच्या, आधीच खंगलेल्या पिल्लावर मी तो प्रयोग करू देणार नाही. घरी पनीर, डाळ, सोयाबीन घालून तर मुळीच नाही.

मग शाकाहारी घराने काय करायचं? तुम्हाला स्वयंपाकघरात काहीही शिजवायचं नाही, मटणवाल्याकडे जायचं नाही. विकतचं खाणं बंद पाकिटात येतं. कोरडे दाणे हाताला लागले तरी त्यात तुम्हाला मांस दिसणार नाही, पाऊचला वास येतो तेवढाच. त्याची वाटी, चमचा, घासणी वेगळी ठेवा, जागा गॅलरीत किंवा बाथरूमच्या बाहेर ठरवा, ओट्यावर काही आणू नका. अशी कितीतरी घरं मी पाहते, जिथे माणसांचा चातुर्मास कडक असतो आणि गॅलरीत मांजर आपल्या वाटीत ट्यूना खात असतं. घरात ते कुणालाच पटणार नसेल, अगदी गॅलरीतही नको असेल, तर मनाला न लावून घेता मोदकसाठी दुसरं घर शोधा. मांसाहारी घरातल्या त्याच काकू कदाचित तयार होतील. त्यात कमीपणा नाही. त्याला दूध-पोळीवर ठेवून हळूहळू खंगवणं मात्र बरोबर नाही.

काकूंचं उकडलेलं चिकन चांगलं आहे, पण तेच जेवण बनवू नका. हे मी जरा जोर देऊन सांगते, कारण ‘पोळीने होत नाही’ म्हटलं की लोक दुसऱ्या टोकाला जातात आणि पिल्लाला नुसतं बिनहाडाचं चिकन घालतात. मांसात स्फुरद (फॉस्फरस) भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असतं. पिल्लाला दोन्ही साधारण सारखी हवीत, किंवा कॅल्शियम थोडं जास्त. नुसत्या चिकनवर ठेवलं की शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवायला हाडांतून ते काढून घेऊ लागतं. महिना-दोन महिन्यांत पिल्लू लंगडायला लागतं, मग एक दिवस सोफ्यावरून उडी मारतं आणि पाय मोडतो. एक्स-रेमध्ये हाडं काचेसारखी फिकट दिसतात. यावर कॅल्शियमचं सिरप अंदाजाने घालणं हाही उपाय नाही, तिथे प्रमाण चुकलं तर वेगळा त्रास. म्हणून काकूंचे दोन-तीन तुकडे वरकड म्हणून चालतील. मीठ, हळद-तिखट, आणि मुख्य म्हणजे कांदा-लसूण न घालता उकडलेले. कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, त्यामुळे रश्श्यातून काढून धुतलेला तुकडाही नको. शिजलेली हाडंही नकोत, त्यांच्या कपच्या होतात. उकडलेल्या अंड्याचा चतकोर तुमच्या घरात चालत असेल तर उत्तम, कच्चं नको. सुकट, बोंबील खारट, ते नको. रोज कच्ची मासळी घालायचीही पद्धत आहे आपल्याकडे, काही माशांत ब१ जीवनसत्त्व मोडणारं विकर असतं, तेव्हा तेही नको.

आणायचं काय? पाकिटावर ‘किटन’ लिहिलेलं आणि ‘कम्प्लीट’, म्हणजे पूर्ण आहार असं लिहिलेलं. ब्रँड कोणता हे मी सांगत बसत नाही, या दोन शब्दांवर नजर ठेवा. काही पाऊच आणि ते चाटायचे ट्यूबमधले प्रकार नुसते खाऊ असतात, त्यावर पोट चालत नाही. कुत्र्याचं खाणं स्वस्त मिळतं म्हणून आणू नका, त्यात मांजराला पुरेल एवढं टॉरीन असेल याचा भरवसा नाही. दुकानात पोत्यातून सुटं मोजून देतात तेही टाळा. ते कधी उघडलंय, कशाचं आहे, काही कळत नाही, आणि आपल्या पावसाळ्यात त्यातली चरबी खवट होते, बुरशी धरते. लहान पाकीट घ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

किती, तर या वयात शरीराच्या दर किलोला रोज अंदाजे दोनशे कॅलरी. मोठ्या मांजराच्या जवळपास तिप्पट. मोदक ७०० ग्रॅमचा, म्हणजे आज त्याला १४० कॅलरी लागतात. कोरड्या खाण्यात १०० ग्रॅमला साधारण ३७०-३८० कॅलरी असतात, तेव्हा ३७-३८ ग्रॅम. किंवा ८५ ग्रॅमचे दोन पाऊच, एका पाऊचमध्ये सत्तर-ऐंशी कॅलरी धरून. माझं मत विचाराल तर एक पाऊच आणि १८-२० ग्रॅम दाणे असं मिश्र द्या. पाऊचमध्ये पंचाहत्तर-ऐंशी टक्के पाणी असतं आणि मांजरं पाणी कमी पितात, शिवाय नुसते पाऊच खिशाला परवडत नाहीत. हा आकडा तळाचा समजा. तो मागे पडलेला आहे, त्याला भरून काढायचंय, तेव्हा वाटी संपवून आणखी मागितलं तर आणखी द्या. योग्य खाण्यावर असलेलं तीन-चार महिन्यांपर्यंतचं पिल्लू सहसा जास्त खाऊन लठ्ठ होत नाही.

दिवसातून चार वेळा. पोट लहान आहे, दोनदा भरपूर घातलं तर तो बचाबचा खाऊन ओकेल. तुम्ही शाळेत जायच्या आधी अर्धा पाऊच, दुपारी सासूबाई दाणे कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून देतील (त्यांना वास घ्यावा लागणार नाही), संध्याकाळी तुम्ही आल्यावर उरलेला अर्धा, झोपताना दाणे. मधल्या वेळात तो झाकून फ्रीजमध्ये, आणि देताना थोडा कोमट करून, गार खाण्याला मांजरं नाक मुरडतात. वाटीतलं ओलं खाणं तास-दोन तासांत संपलं नाही तर टाकून द्या. आता जे खातोय त्यातून नव्यावर यायला आठवडा घ्या, पहिले दोन दिवस थोडंच नवीन, मग वाढवत न्या. बचाबचा खात असेल तर जुनं इडलीपात्र काढा आणि दाणे खळग्याखळग्यांत विभागून टाका. विकत मिळणाऱ्या महागड्या ‘स्लो फीडर’पेक्षा हे चांगलं चालतं.

दर रविवारी त्याच काट्यावर वजन करा. डबा ठेवून काटा शून्यावर आणा, त्यात त्याला बसवा. मांजराचं पिल्लू महिन्याला साधारण अर्धा किलो, म्हणजे आठवड्याला शंभर ग्रॅमच्या आसपास वाढतं. अडीच महिन्यांचं पिल्लू किलोभर तरी असायला हवं होतं. अर्थात वय काकूंच्या अंदाजाचं आहे. समोरचे बारीक दात आणि दाढा सगळ्या आल्या असतील, डोळ्यांचा निळा रंग जाऊन हिरवट-पिवळा आला असेल, तर दोन महिने पार केलेत. आकडा एका आठवड्याला ७०-८० असला तरी घाबरू नका. दोन आठवडे काटा जागचा हलला नाही तर खाणं बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

आणि डॉक्टरांकडे तसंही जायचंच आहे, याच आठवड्यात. ज्या पोटावरून मुलीने मोदक नाव ठेवलं ते पोट, माझा अंदाज, जंतांचं आहे. रस्त्यावरच्या जवळपास प्रत्येक पिल्लात ते असतात. एक प्रकारचे गोल जंत आईच्या दुधातूनच पिल्लात येतात, त्यामुळे ‘तो बाहेर कुठे काही खात नाही’ याला अर्थ नसतो. कधी ओकारीत किंवा शीत शेवयांसारखे लांब पांढरे दिसतात, पुष्कळदा काहीच दिसत नाही. जंताचं औषध वजनावर देतात, म्हणून माणसांचं सिरप अंदाजाने देऊ नका. आणि ते एकदा देऊन भागत नाही. दोन-दोन आठवड्यांनी पुन्हा, मग सहा महिन्यांचा होईपर्यंत दर महिन्याला, नेमकं कसं ते डॉक्टर सांगतील. शीचा थोडा ताजा नमुना डबीत घेऊन जा, जंतांखेरीज जुलाब करणारे सूक्ष्म परजीवीही त्यात सापडतात आणि त्यांचं औषध वेगळं असतं. पिसवा असतील तर तेही दाखवा. लहान पिल्लाचं रक्त पिसवा एवढं पितात की हिरड्या पांढऱ्या पडतात. घरात कुत्र्यासाठी आणलेलं पिसवांचं औषध चुकूनही लावू नका, त्यात परमेथ्रिन असेल तर ते मांजराला मारतं. तापाची गोळी म्हणून पॅरासिटामॉलही तसंच. लसीचा कार्यक्रम तेव्हाच ठरवून घ्या, रेबीजचीही.

घरात लहान मुलगी आहे म्हणून एवढं पाळा : त्याचं शीचं ट्रे रोज साफ करा, त्याला हात लावल्यावर जेवायच्या आधी साबणाने हात. या जंतांची अंडी शीतून बाहेर पडल्यावर संसर्गायोग्य व्हायला दोनेक आठवडे तरी लागतात, त्यामुळे रोजच्या सफाईने बराच धोका टळतो.

हे सगळं सुरळीत झाल्यावर, पंधरा-वीस दिवसांनी शी घट्ट, पोट सपाट, वजन वाढतंय, आणि तरीही तो ओट्याखाली बसून ओरडतोय, असं झालं तर तेव्हा सासूबाईंचं म्हणणं खरं. रस्त्यावर भावंडांशी झगडून खाल्लेलं पिल्लू बरेच दिवस ‘पुन्हा मिळेल’ यावर विश्वास ठेवत नाही. तेव्हा ओरडला म्हणून देऊ नका, वेळेला द्या. वाटी ठेवायच्या आधी दहा मिनिटं दोरीला बांधलेल्या कापडाच्या मागे त्याला धावडवा. शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप, हा मांजराचा क्रम आहे. रात्री झोपायच्या आधी हाच क्रम केलात तर पहाटे चारची आरतीही थांबेल. कणीक आणि कचऱ्याचा डबा मात्र झाकूनच ठेवा.

उलट एखाद्या दिवशी तो अचानक खायचाच थांबला, ओरडेनासा झाला, तर वाट पाहू नका. एवढ्या लहान जिवाच्या रक्तातली साखर अर्ध्या दिवसाच्या उपासानेही घसरते. हिरड्या पांढऱ्या, सतत उलट्या, शीत रक्त, यातलं काहीही दिसलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना जवळ असेल तर तिथेही मांजर बघतात, गाई-म्हशींच्या रांगेत थोडं थांबावं लागेल एवढंच.

तो चार महिन्यांचा झाला की जेवणं तीनवर आणा, सहा महिन्यांचा झाला की दोनवर. वर्षाचा होईपर्यंत खाणं ‘किटन’चंच ठेवा. पाच-सहा महिन्यांचा झाला की त्याची नसबंदी करून घ्या, आणि ती झाल्यावर मात्र वाटी मोजून भरायला लागा, साधारण पाव हिश्शाने कमी. नसबंदीनंतर भूक वाढते आणि गरज घटते. तेव्हा तो आत्तासारखाच पायात घोटाळेल, आणि तेव्हा ‘जास्त देऊ नकोस’ हे सासूबाईंचं वाक्य तुम्हाला जसंच्या तसं वापरता येईल.